पान न हलता

सभागृहातले दिवे मालवत होते, नेमकी तेव्हाच ती दारातून आत आली. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात मिटायला तयार नसलेली छत्री, आणि स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत ओली. रिकामी खुर्ची एकच दिसत होती आणि तिच्यावर पुस्तकांनी फुगलेली एक कापडी पिशवी बसली होती. शेजारच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि झोपलेलं मूल घ्यावं तशी मांडीवर घेतली.

ती बसली. छत्री अजून मिटत नव्हती. तिने ती पायांशी ठेवली, तर ती त्याच्या बुटावर टपटप गळायला लागली.

"माफ करा हं," ती कुजबुजली.

"असू दे," तो तितक्याच हळू म्हणाला. "धुवायचाच होता."

ती वेबसाइट बनवायची. ऑफिसात तिला सगळे 'कॉमा' म्हणत. ती नोकरीला लागली त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं पान अर्धा दिवस बंद पडलं होतं. चार जाणत्या माणसांनी डोकी खाजवली आणि हिने हजार ओळींमधून एक हरवलेला स्वल्पविराम शोधून काढला. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी भावाला कळल्यावर तोही तेच म्हणायला लागला.

ते दिवसच निराळे होते. तोवर वेबवरची पानं म्हणजे ठोकळे. एक बटण दाबायचं, पडदा पांढराफटक होणार, मग वरून खाली सावकाश नवं पान उतरणार. तोवर माणसाने छताकडे पाहावं. आणि आता म्हणे हे सगळं बदलणार होतं. 'रिच इंटरनेट ॲप्लिकेशन' हे भारदस्त नाव जो तो घेत होता. तिच्या साहेबांनी, म्हणजे ज्यांना अख्खं ऑफिस 'काका' म्हणायचं त्यांनी, तिला या कार्यक्रमाला मुद्दाम पाठवलं होतं. नवीन तंत्रं बघून ये आणि तुला काय वाटलं ते लिहून दे, एवढंच काम.

मंचावरच्या तरुणाने एक नकाशा बोटाने धरल्यासारखा सरकवला. फोटो पत्त्यांसारखे पसरले, त्यातला एक उचलून दुसऱ्या कोपऱ्यात टाकला, तर बाकीचे आपोआप सरकून जागा देऊ लागले. पडदा एकदाही पांढरा झाला नाही. तिने वहीत लिहिलं — 'पान न हलता सगळं बदलतं.' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा शेजारचा माणूस उभा राहिला. नुसत्या कळफलकावर, माउस हातात न धरता हे चालतं का, असं त्याने विचारलं. मंचावरचा तरुण हसून म्हणाला की माउस नसलेला माणूस त्याला अजून भेटायचाय. सभागृह हसलं. तीही हसली. तो शांतपणे खाली बसला.

"तुम्हीपण हसलात," बाहेर चहाच्या टेबलाशी तो म्हणाला.

"सगळेच हसले."

"सगळ्यांचं मला काही वाटलं नाही."

तिने कपावरून वर पाहिलं. त्याचा चेहरा गंभीर होता, पण डोळे नव्हते. बाहेर रिपरिप चालू होती, त्यामुळे निघायची घाई कोणालाच नव्हती. तो सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होता. ती वेबची पानं बनवते म्हटल्यावर तो म्हणाला, की मग आपण एकाच धंद्यातले. तो कागदाची सांभाळतो. तिला हसू आलं, आणि मग तिला जे थांबवता येत नसे ते सुरू झालं: आपण आज काय पाहिलं, त्याने काय काय करता येईल, पुढच्या पाच वर्षांत लोक पान उलटायची वाट बघणंच विसरतील. तो मधे बोलत नव्हता. नुसता ऐकत होता. कप रिकामा झाला तरी तो त्यातून पीत असल्यासारखं करत होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं — बसमध्ये, एकटीच हसताना.

दोन आठवड्यांनी काकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. वाचनालयाची पुस्तकसूची नव्याने बनवायचं काम आलं होतं, आणि त्यांना ते साधंसुधं नको होतं. पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला एक झकास नमुना हवा होता. जमलं, तर नव्या तंत्रांच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरी तिलाच पाठवणार, असंही ते म्हणाले.

वाचनालयाच्या काउंटरपलीकडे तो उभा होता. तिला बघून त्याने हातातला शिक्का शाईच्या गादीवर ठेवायच्या ऐवजी गादीच्या शेजारी ठेवला.

"छत्री मिटली का?" त्याने विचारलं.

"टाकून दिली."

"बिचारी. मला भेट म्हणून आणायचीत."

मग मंगळवार आणि शुक्रवारच्या दुपारी ठरून गेल्या. तो तिला कपाटांमधून फिरवायचा. वाचक पुस्तक कसं शोधतात ते सांगायचा: कोणाला नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, फक्त पुठ्ठा निळा होता एवढंच पक्कं असतं. त्यावरूनच तिला ते कपाट सुचलं. पडद्यावर हुबेहूब फळ्या, त्यावर पुस्तकांच्या पाठी त्यांच्या खऱ्या रंगांत. माउस नेला की पुस्तक जरा पुढे सरकणार, दाबलं की उघडून पान फडफडणार. त्यासाठी दोघांनी मिळून चारशे पुस्तकांच्या पाठींचे फोटो काढले. तो पुस्तक धरायचा, ती कॅमेरा. धुळीने तिला शिंका आल्या की तो प्रत्येक शिंकेला कपाटातल्या एका लठ्ठ ग्रंथाची माफी मागायचा. एकदा एकच पुस्तक दोघांनी धरलं आणि दोघांपैकी कोणीच ते पटकन सोडलं नाही.

घरी वहिनीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. हल्ली मंगळवारी इस्त्री केलेलेच कपडे लागतात तुला, एवढंच ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

कपाट तयार झालं तेव्हा तिने ते सर्वांत आधी त्याला दाखवलं. फळी सरकली, एक हिरवं पुस्तक पुढे आलं, उघडलं. तो पडद्याकडे बघत राहिला.

"कसं आहे?"

"सुंदर आहे," तो म्हणाला.

"खरंच?"

"खरंच, फार सुंदर आहे." पण हे म्हणताना त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. ती आनंदात होती. तिला वाटलं, भारावला असेल.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, ती वाचनालयात राहिलेला चार्जर घ्यायला गेली. काउंटरवर कोणी नव्हतं. खिडकीजवळच्या संगणकासमोर एक वयस्क बाई बसल्या होत्या — पांढरे केस नीट विंचरलेले, कानांवर हेडफोन, बोटं कळफलकावर ठेवलेली. पडद्यावर तिचंच कपाट होतं; चाचणीसाठी ते जुन्या पानासोबत त्याच संगणकावर टाकलेलं होतं, आणि आज कोणीतरी उघडंच ठेवलं होतं.

"कोण आहे?" बाईंनी मान न वळवता विचारलं. "जरा बघ ना, बाळ. हे आज बोलतच नाहीये."

त्यांनी हेडफोनची एक बाजू पुढे केली. तिने कानाला लावली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज म्हणाला, "चौकट." मग काहीच नाही. बाईंनी एक कळ दाबली. "चौकट." पुन्हा दाबली. "चौकट." चारशे पुस्तकं समोर रंगीबेरंगी उभी होती, आणि त्यातलं एकही या बाईंसाठी तिथे नव्हतं.

बाई गप्पिष्ट होत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, चार वर्षांपूर्वी नजर गेली. तेव्हापासून रोज सकाळी इथे येतात, यंत्राकडून सूची वाचून घेतात, पुस्तक स्वतः निवडून राखून ठेवतात. मग शेजारीण ते मोठ्याने वाचून दाखवते. जुनं पान दिसायला कुरूप होतं म्हणे, पण बोलायचं. "माझा मुलगा इथेच आहे ना, ग्रंथपाल. तो म्हणतो, नवीन फार सुंदर आहे. आणि ते करणारी मुलगीही—" त्या थांबल्या. "काय ग, गप्प का झालीस?"

तो कपाटांमागून पुस्तकांची चळत घेऊन आला आणि तिला पाहून तिथेच थबकला.

ती त्याला व्हरांड्यात घेऊन गेली. आईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. तुम्ही दाखवून गेलात, आणि मी आईचे हेडफोन लावून पाहिलं."

"तीन आठवडे झाले."

"हो."

"सभागृहात तुम्ही हेच विचारलं होतं. आणि मी... मी हसले होते."

तो जमिनीकडे बघत होता. "तुमचा चेहरा इतका उजळला होता त्या दिवशी. माझ्याने सांगवेना. वाटलं, आईसाठी जुनं पान कुठेतरी मागे ठेवून घेईन."

"म्हणजे त्यांनी मागच्या दाराने यायचं."

त्याने हातातली चळत कठड्यावर ठेवली.

"कौतुक करायला ऑफिसभर माणसं आहेत हो," ती म्हणाली. "तुमच्याकडून मला खरं ऐकायचं होतं." आणि चार्जर तिथेच विसरून ती निघून गेली.

शुक्रवारी ती गेली नाही. रविवारी जेवणं झाल्यावर तिने घरच्या संगणकाचा माउस उपटून काढला, डोळ्यांवर वहिनीचा स्कार्फ बांधला आणि आपलंच कपाट उघडायला बसली. दहा मिनिटं ती चाचपडत होती. भावाने दारातून पाहिलं, बायकोला बोलावून आणलं, आणि आंधळी कोशिंबीर एकटीनेच खेळतात का, असं विचारलं. ती हसली नाही. वहिनीने त्याला बाहेर घालवलं आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, की राग नक्की कोणाचा आलाय — त्याचा, की स्वतःचा? कॉमाने स्कार्फ सोडला. डोळे जरा लालच होते.

सोमवारी सकाळी ती काकांच्या समोर बसली. पान जाहीर व्हायला आठ दिवस उरले होते. तिने लिहून आणलेला अहवाल पुढे ठेवला. त्यात नव्या तंत्रांचं कौतुक होतंच, हातचं काही राखलेलं नव्हतं. पण पुढे लिहिलं होतं, की बाहेरून बसवलेल्या प्लगइनच्या चौकटीत आपण पान कोंडलं, तर ते फक्त डोळे आणि माउस असलेल्यांचं उरतं. शब्द वाचता येत नाहीत, शोधता येत नाहीत. त्यापेक्षा खाली साधं, बोलणारं पान असू द्यावं. जे हलायला हवं ते ब्राउझरच्या अंगच्याच जावास्क्रिप्टने हलवावं. आणि कपाट वरून दागिन्यासारखं घालावं. दागिना काढला तरी माणूस उरला पाहिजे.

काकांनी ते वाचलं आणि विचारलं की हा अहवाल आहे की डायरी. मग चिडले. पुढच्या गिऱ्हाइकांना काय दाखवायचं, प्रशिक्षणाला पाठवायचं ते कशाच्या जोरावर? तिने सांगितलं की प्रशिक्षण नाही मिळालं तरी चालेल. चालणार नव्हतं, तिला ते मनापासून हवं होतं, आणि हे काकांनाही ठाऊक होतं. ते बराच वेळ पेन वाजवत बसले. शेवटी म्हणाले, आठ दिवसांत झालं तर तुझं पान, नाही झालं तर कपाट आहे तसं जाईल.

तपासायला माणूस हवं होतं, आणि त्या कामाचं माणूस एकच होतं. ती रोज सकाळी आईंच्या शेजारी जाऊन बसू लागली. ग्रंथपालाशी कामापुरतं बोलायची. तो दोन कप चहा आणून ठेवायचा आणि काउंटरवर परत जायचा.

आई मात्र कडक परीक्षक निघाल्या. "'इथे क्लिक करा' म्हणजे कुठे? प्रत्येक बटणाला नाव दे. टेलिफोनवर मी कधी 'इकडे बोला' म्हटलं नाही कोणाला." तिने एकेका बटणाला नाव दिलं. पाचव्या दिवशी तिने सूचीतला शोध जोडला: शब्द टाकला की पडदा पांढरा न होता पुस्तकांची यादी तिथेच बदलायची. तिला वाटलं, हे तर आईंना आवडणारच. आईंनी शब्द टाकला आणि वाट बघत बसल्या.

"झालं की," ती म्हणाली. "यादी आलीसुद्धा."

"पण मला कोणी सांगितलं? तुझं पान हललं नाही हे ठीक. काहीतरी बदललं, हे मला कळायला नको का?"

ती थक्क होऊन बसली. सभागृहात दोन रेघा ओढून लिहिलेल्या वाक्यात तिला जे दिसलं नव्हतं ते हे होतं. दुपारपर्यंत तिने यादीच्या डोक्यावर एक साधी ओळ घातली आणि शोध संपला की वाचणारा आवाज थेट तिथे जाईल असं केलं. "बारा पुस्तकं सापडली," हेडफोनमधून आवाज आला. आई हसल्या. मग हेडफोन गळ्यात ओढून म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडले मी. कोणाचा आवाज कोणासाठी मऊ होतो ते मला बरोबर कळतं. तू आलीस की आमच्याकडच्याचा होतो."

तिने उगाचच एक कळ दाबली.

"लाजली असशील तर सांग बाई. मला दिसत नाही."

आठव्या दिवशी पान जाहीर झालं. कपाट होतं, पण त्याच्या निम्म्या करामती गेल्या होत्या. वाचनालयाच्या समितीतल्या एका गृहस्थांनी पुस्तकं आधीसारखी फडफडत का नाहीत म्हणून कुरकुरही केली. आईंनी त्यांच्याशेजारीच बसून, माउसला हात न लावता, आपलं पुस्तक शोधलं आणि राखून ठेवलं. त्या गृहस्थांनी तेवढा वेळ कुरकुर थांबवून पाहिलं, आणि नंतर पुन्हा सुरू केली.

त्याच आठवड्यात काकांनी तिला प्रशिक्षणाचं पत्र दिलं. डायरी दोनदा वाचली म्हणाले, आणि ती दुसऱ्या एका गिऱ्हाइकालाही वाचायला दिली. यापुढे अशी भाषा जरा आवरती घे, एवढं मात्र बजावलं.

ती सांगायला वाचनालयात गेली. आईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मुलाला हाक मारून सांगितलं, की हिला बसस्टॉपपर्यंत सोडून ये, तसंही तुझं इथे काही लक्ष लागणार नाही.

दोघं चालत निघाले. भुरभुर पाऊस होता, भिजवण्याइतकाही नाही. स्टॉपवर कोणी नव्हतं.

"कधी निघायचं?" त्याने विचारलं.

"सोमवारी. तीन महिने."

"छान आहे," तो म्हणाला. मग एकदम मान हलवली. "नाही. थांबा. पुन्हा तेच करतोय मी."

ती थांबली.

"छान तुमच्यासाठी आहे. मला मुळीच छान वाटत नाहीये. तुम्ही जाऊ नये असं वाटतं." तो एकेक शब्द तपासून ठेवत होता. "आणि माझ्यामुळे राहिलात, तर त्याचंही आयुष्यभर वाईट वाटेल. ही दोन्ही खरी आहेत. त्या वेळी खरं सांगितलं नाही, ती माझी चूक होती. तुम्ही नाराज व्हाल याची भीती वाटली. कारण... तुम्ही मला आवडता. त्या पहिल्या दिवसापासून. आता हेही सांगून टाकलं, म्हणजे काही उरलं नाही."

पाऊस स्टॉपच्या पत्र्यावर बारीक वाजत होता. तिने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले, आणि हात तसाच राहिला.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"हो."

"मला ते शिकायचंय."

"माहीत आहे."

"आणि परत येणार आहे." ती जरा थांबली. "तोवर रोज फोन करशील?"

त्याने चमकून पाहिलं. "करशील म्हणालात."

"म्हणाले."

"म्हणजे मीसुद्धा आता... तुम्हाला... तु..." शब्द तोंडाशी येऊन अडकला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

वळणावरून बस आली, त्यांच्यासमोर थांबली, दार उघडलं. ती चढली नाही. चालकाने क्षणभर वाट पाहिली, दार मिटलं आणि बस निघून गेली.

"पुढची कधी आहे?" तिने विचारलं.

"वीस मिनिटांनी."

"पुष्कळ झाली," ती म्हणाली, आणि त्याच्या अगदी जवळ, बाकावर बसली. "तेवढ्यात 'तू' म्हणायला शीक."